स्टिअरिंग फिरवताना टक-टक: रॅक की एक्सल हे ठरवायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, ९० हजार किलोमीटरच्या आसपास पळालेली, पार्किंगमधून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की समोरून टक-टक आवाज येतो, सरळ रस्त्यावर काहीच नाही. एका गॅरेजवाल्याने स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी) गेलाय म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला दोन्ही एक्सल (गिअरबॉक्समधून चाकांना फिरवणारे दांडे) बदलून टाका, आणि आता कोणाचं ऐकायचं आणि तोपर्यंत गाडी चालवायची का, हे विचारलंय.

अजून दोघांचंही ऐकू नका. ते चुकीचंच सांगतायत असं नाही, त्यातला एक बरोबरही असेल, पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट सुटलीय आणि बहुतेक त्यांनीही ती विचारली नसावी. पार्किंगमधून काढताना म्हणजे नक्की कधी? गाडी जागेवर उभी आहे आणि तुम्ही फक्त स्टिअरिंग फिरवताय तेव्हा, की स्टिअरिंग फिरवलेलं आहे आणि गाडी सरकतेय तेव्हा? पार्किंगमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात म्हणून गाडीवाल्याला तो एकच आवाज वाटतो, पण आमच्यासाठी हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत आणि त्यांचे पार्टही वेगळे.

म्हणजे खरा प्रश्न रॅक की एक्सल हा नाहीच. आवाज कशाच्या तालावर चालतोय हा आहे. टक-टक जर चाकाच्या फेऱ्यांबरोबर येत असेल, म्हणजे गाडी हळू तर टक...टक...टक आणि थोडा स्पीड दिला की टकटकटक, तर चाकाबरोबर गोल फिरणाऱ्या वस्तूंमध्ये शोधायचं. आणि टक जर स्टिअरिंगच्या ठरावीक पोझिशनला येत असेल, चाकं गोल फिरोत न फिरोत, तर स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या वस्तूंमध्ये शोधायचं. आमच्याकडे अशी गाडी आली की मी पहिला निर्णय एवढाच घेतो, आणि तो होईपर्यंत पाना हातात घेत नाही, कारण एकदा खोलाखोली सुरू झाली की जे हातात येतं तेच खराब दिसायला लागतं. ९० हजार चाललेल्या गाडीच्या खाली प्रत्येक गोष्ट थोडीफार झिजलेलीच असते.

टेस्टच्या आधी एक काम करा, पाच मिनिटं लागतील. चाकांचे नट पान्याने चेक करा. हसू नका, मी हे सगळ्यात आधी करतो, विशेषतः पंक्चर किंवा टायर बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर. सैल नटचा आवाज सुरुवातीला असाच टक-टक असतो आणि वळताना जास्त येतो, आणि या यादीतला सगळ्यात धोकादायक आवाज तोच आहे. लहान गाड्यांमध्ये नटचा टॉर्क साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरमध्ये असतो, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. मग व्हील कव्हर प्लास्टिकचं असेल तर काढून ठेवा, त्याची क्लिप तुटली की वळताना रिम थोडी वाकते तेवढ्यावर ते टकटकतं. टायरच्या खाचांमध्ये खडा किंवा खिळा अडकलाय का बघा, पण तो आवाज सरळ चालतानाही येतो, तुमच्या केसमध्ये तो नसावा. आणि स्वतःला विचारा की आवाज सुरू व्हायच्या आधी गाडीवर कुठलं काम झालं होतं. क्लचचं काम झालं असेल तर सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची लोखंडी चौकट, सैल केली असू शकते, सस्पेन्शनचं काम झालं असेल तर वरचे माउंट उघडले असणार, आणि काम झाल्याच्या आठवड्यात सुरू झालेला आवाज बहुतेक वेळा त्या कामाचाच असतो.

आता पहिली टेस्ट. गाडी सपाट जागेवर उभी, इंजिन चालू, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, काच खाली, पंखा आणि गाणी बंद. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, एक माणूस बाहेर पुढच्या चाकाजवळ उभा राहून ऐकेल. टोकाला गेल्यावर तिथे जोर लावून धरू नका, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर पंपावर फुकटचा ताण येतो, आणि टोकाला जो एक ठप होतो तो स्टॉपला टेकल्याचा आवाज आहे, तो मोजायचा नाही.

दुसरी टेस्ट. मोकळं मैदान किंवा रिकामी जागा, जिथे कोणी मध्ये येणार नाही. स्टिअरिंग एका बाजूला जवळजवळ पूर्ण फिरवा आणि तसंच धरून ठेवा, आता ते हलवायचं नाही, फक्त गोल गोल गाडी चालवा, १० च्या आसपास स्पीड, आणि मध्ये मध्ये ॲक्सिलरेटर जरा दाबा आणि सोडा. मग दुसऱ्या बाजूला तेच. मग दोन्ही बाजूंना रिव्हर्समध्ये तेच.

ही दुसरी टेस्ट खरी निवाडा करते, कारण इथे स्टिअरिंग हलतच नाहीये. त्यात टक-टक आली, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढली, सोडल्यावर कमी झाली, आणि स्पीडबरोबर पटापट व्हायला लागली, तर तो बाहेरचा सीव्ही जॉइंट आहे, म्हणजे एक्सलचं चाकाकडचं टोक. १० च्या स्पीडला लहान गाडीचं चाक सेकंदाला साधारण दीड फेरी मारतं, त्यामुळे सेकंदाला एक-दोन टक ऐकू आली तर सुरुवात आहे आणि सलग कडकड ऐकू आली तर बरंच पुढे गेलंय असं समजा.

याचं कारण समजून घेतलं की गॅरेजमध्ये तुम्हाला कोणी गोल फिरवणार नाही. त्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत सहा स्टीलच्या गोळ्या असतात, आतल्या आणि बाहेरच्या भागाला खोबणी असतात, गोळ्या त्यात बसतात आणि एक पिंजरा त्यांना जागेवर धरतो. गाडी सरळ चालते तेव्हा गोळ्या खोबणीच्या मधोमधच काम करतात, त्यामुळे झीज तिथेच होते, बारीक खड्डा पडतो. सरळ चालताना गोळी त्या खड्ड्यातच बसलेली असल्याने आवाज येत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की जॉइंट वाकतो, आता प्रत्येक फेरीला प्रत्येक गोळी खोबणीत पुढे-मागे जाते, खड्ड्याची कड ओलांडते, आणि वर इंजिनचा जोर असेल तर टक करून ओलांडते. म्हणून वाकणं आणि जोर दोन्ही एकत्र लागतात. रिव्हर्समध्ये जोर खोबणीच्या दुसऱ्या अंगाला जातो, म्हणून काही गाड्या पुढे जाताना गप्प आणि मागे येताना बोलतात, आणि पार्किंगमधून काढताना आपण बहुतेक वेळा रिव्हर्समध्येच असतो, हे पण लक्षात घ्या.

कोणत्या बाजूचा जॉइंट, यावर एक नियम सगळीकडे ऐकायला मिळतो की डावीकडे वळताना वाजला तर उजवा आणि उजवीकडे वळताना वाजला तर डावा, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. स्पीडमध्ये वळताना हे बऱ्याचदा खरं निघतं. पण पार्किंगच्या स्पीडला भार फारसा सरकतच नाही, आणि आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त कोनात वळतं, ते स्टिअरिंगच्या रचनेतच आहे, त्यामुळे वळणाच्या आतल्या चाकाचाच जॉइंट वाजतोय असंही होतं. मी त्या नियमावर पार्ट मागवत नाही. दोन्ही काचा खाली करून भिंतीच्या कडेने गाडी घेतली की आवाज परत येतो आणि बाजू कळते, नाहीतर मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा, ड्रायव्हरपेक्षा त्याला बाजू जास्त चांगली कळते. आणि सगळ्यात मोठा पुरावा डोळ्यांनी दिसतो: चाकामागचा रबरी बूट. तो फाटला असेल तर ग्रीस गोल फेकलं जातं आणि रिमच्या आतल्या बाजूला, लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर), शॉकअपच्या खालच्या भागावर काळा चिकट पट्टा दिसतो. बूट फाटला म्हणजे ग्रीस गेलं, माती आणि पाणी आत आलं, मग जॉइंटचे दिवस भरलेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बूट फाटलाय पण आवाज अजून नाही, तर जॉइंट काढून स्वच्छ धुवून नवीन ग्रीस, नवीन बूट, नवीन क्लॅम्प टाकले की तो बराच काळ चालतो, हे काम जरूर करून घ्या. पण टक-टक सुरू झाल्यावर नुसतं ग्रीस भरून उपयोग नाही. थोडे दिवस आवाज दबतो, खड्डा काही भरून येत नाही, तो परत येणारच. त्यामुळे "बूट बदलून बघू" असं कोणी म्हणालं तर मजुरी दोनदा जाणार एवढं ध्यानात ठेवा.

आता उलट केस घेऊ. दुसऱ्या टेस्टमध्ये गोल गोल फिरताना काहीच आवाज नाही, पण पहिल्या टेस्टमध्ये, गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की टक होतं. मग एक्सल सोडून द्या. उभ्या गाडीत चाक गोल फिरतच नाही, सीव्ही जॉइंट टकटक करणार कशाने? इथे माझा पहिला संशय स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर असतो, आणि ते लोकांना माहीतच नसतं. बऱ्याचशा हॅचबॅकमध्ये पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक स्ट्रट असतो आणि स्टिअरिंग फिरवलं की तो आख्खा स्ट्रट, स्प्रिंगसकट, चाकाबरोबर वळतो. त्याला वळता यावं म्हणून वरती, बॉनेटखाली जिथे तो बॉडीला लागतो तिथे, माउंटमध्ये एक चपटं बेअरिंग असतं. त्यात धूळ-पाणी जाऊन ते जाम झालं की स्प्रिंगचं वरचं टोक वळत नाही आणि खालचं वळतं, मग स्प्रिंग ओला कपडा पिळावा तशी पिळली जाते आणि एका मर्यादेला झटक्यात सुटते. त्याचा आवाज कधी टक, कधी टंग्ग, कधी ठण्ण असा येतो, आणि बऱ्याचदा स्टिअरिंग सोडल्यावर ते पहिल्यासारखं आपोआप सरळ येत नाही, हीसुद्धा खूण आहे.

तपासायला काहीच खोलावं लागत नाही. एकाला स्टिअरिंग सावकाश फिरवायला लावा आणि तुम्ही चाकाच्या वरच्या पोकळीतून स्प्रिंगवर बोटं हलकेच टेकवा, वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका, आणि टायर आणि बॉडीच्या मध्ये हात सापडणार नाही याची काळजी घ्या. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग गुळगुळीत वळते. खराब असेल तर अडकते आणि मग उडी मारते, आणि ती उडी आणि आवाज एकाच क्षणी बोटांना आणि कानांना कळतो, त्यानंतर वाद उरत नाही. रॅक बदलून झालेल्या गाड्या माझ्याकडे याच आवाजासाठी आल्यात, नवा कोरा रॅक आणि वर तेच जुनं बेअरिंग वाजतंय. रॅक हा महागाचा आणि मोठ्या मजुरीचा पार्ट आहे, त्यामुळे ही बोटांची टेस्ट झाल्याशिवाय रॅकला हो म्हणू नका.

स्प्रिंगवर हात आहेच तर खालच्या वेटोळ्याकडे पण बॅटरी मारून बघा. स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटतं आणि तुटका तुकडा तिथल्या वाटीतच बसून राहतो, गाडी नीट चालते, फक्त वळताना तुकडा सरकतो आणि टक होतं. हे सापडलं तर गाडी चालवू नका, ते तुटकं टोक बाहेर सरकून टायरला लागू शकतं.

आता आवाज गाडी उभी असतानाच येतोय, पण स्प्रिंग व्यवस्थित वळतेय, असं असेल तर तिसरी टेस्ट. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला. नुसत्या जॅकवर कधीच नाही, मजबूत स्टँड लावा, मागच्या चाकांना अडण लावा, आणि गाडीखाली शिरणार असाल तर आधी गाडीला एक धक्का देऊन स्टँड हलतात का बघा. चाकं हवेत असताना इंजिन चालू न करता स्टिअरिंग फिरवा, लॉक उघडलेलं असू द्या, भार नसल्याने ते हलकं फिरतं. आवाज आता गेला असेल तर तो भार आल्यावरच येणारा आहे, म्हणजे माउंट, बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि चाक यांच्यातला गोल सांधा), लोअर आर्मचे रबरी बुश, सबफ्रेमचे बोल्ट या कुटुंबातला. आवाज हवेतही येत असेल तर बहुतेक वेळा वरचा मामला आहे, कॉलम, मधला शाफ्ट, स्टिअरिंग व्हीलच्या मागचं सामान, नाहीतर मग खरोखर रॅक.

चाकं उचललेलीच आहेत तर हलवून बघा. चाक दोन्ही बाजूंना म्हणजे घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) किंवा रॅकच्या टोकाचा आतला जॉइंट, दुसऱ्या माणसाने बोट लावून धरलं की कोणता ते कळतं. १२ आणि ६ वर धरून प्ले लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, आणि यातलं कोणतं हे ओळखायचं असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला लावा आणि परत हलवा: प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) एकत्र बांधले जातात आणि मधल्या बेअरिंगला हलायला जागा राहत नाही. मात्र टाय रॉड एंडचा बारीक प्ले चाक हवेत असताना कधीकधी लपतो, त्यासाठी गाडी जमिनीवर ठेवून दुसऱ्याने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंथोडं झटकायचं आणि तुम्ही जॉइंटवर बोट ठेवायचं ही टेस्ट जास्त खरी.

वरच्या भागाचं पटकन सांगतो. पॅडलच्या वर, पायापाशी मधला शाफ्ट दिसतो, त्याला दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात. त्यावर हात ठेवून स्टिअरिंग थोडं हलवलं की झिजलेला जॉइंट हाताला टोचल्यासारखा कळतो. याच शाफ्टचा क्लॅम्प बोल्ट सैल असणं ही दुर्मिळ पण भयानक गोष्ट आहे, स्टिअरिंग आणि चाकांचा संबंधच तिथे टिकलेला असतो, त्यामुळे तो बोल्ट बघायचाच. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवर असेल तर काही गाड्यांमध्ये मोटर आणि वर्म गिअरच्या मध्ये रबराचा एक छोटा कपलर असतो, तो झिजून चुरा होतो आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग मधल्या भागात जरा जरा डावी-उजवीकडे हलवलं की टकटक हातात जाणवते. पार्ट अगदी लहान आहे पण कॉलम उतरवावा लागतो, म्हणून बरेच जण आख्खा कॉलमच बदलायला सांगतात, तेव्हा कपलर वेगळा मिळतो का हे आधी विचारा.

स्टिअरिंग व्हीलच्या मागे एक गुंडाळलेली पट्टीची वायर असते, क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती हॉर्न आणि एअरबॅगला करंट देते. तिचा आवाज टक किंवा खरखर असा येतो, आणि सोबत हॉर्न कधी वाजतो कधी नाही, स्टिअरिंगवरची बटणं बंद, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागलेला, असं काहीतरी असतं. हे घरी उघडू नका, एअरबॅगशी संबंध आहे. आणि इंडिकेटर आपोआप बंद करणारा जो खटका असतो तो पण एका ठरावीक कोनाला टक करतो, त्यात काही बिघडलेलं नसतं, फक्त लोक घाबरतात.

तुमच्या केसला लागू न पडणारा पण सारखा गोंधळ करणारा अजून एक प्रकार, रिव्हर्समधून पुढे जाताना फक्त एकदाच टक होणं. ब्रेक दाबल्यावर होत असेल तर ब्रेक पॅड आपल्या जागेत सरकतायत, क्लिपा बदलायच्या. गाडी सुटताना होत असेल तर एक्सलचे दाते हबमध्ये कोरडे झालेत किंवा एक्सल नट सैल आहे. एकदाच होणारा आवाज आणि लयीत होणारा आवाज यांची कधी गल्लत करू नका.

मग रॅक कधी? रॅकचा आवाज मी तेव्हाच मानतो जेव्हा वरचं सगळं नीट निघालंय, स्टिअरिंगची दिशा बदलताना रॅकमध्येच ठोका हाताला लागतोय, आणि शक्यतो खडबडीत रस्त्यावर सरळ जातानाही स्टिअरिंगमध्ये खडखड येतेय. तुमच्याकडे सरळ रस्त्यावर काहीच नाही म्हणताय, त्यामुळे रॅकची शक्यता मी खाली ठेवेन. काही रॅकमध्ये मागून दाब देणारा स्क्रू ॲडजस्ट करता येतो, पण तो अंदाजाने आवळू नका, जास्त आवळला तर स्टिअरिंग जड होतं आणि वळल्यावर परत येत नाही.

म्हणजे तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावर माझा कल असा: गाडी सरकताना येत असेल तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, उभी असताना येत असेल तर स्ट्रटचं वरचं बेअरिंग. पैज लावायची झाली तर पहिल्यावर लावेन, पण पैजेवर पार्ट बदलत नसतात.

चालवायची का, तर ते कशामुळे आहे यावर. व्हील नट, शाफ्टचा बोल्ट, बॉल जॉइंट किंवा टाय रॉडमध्ये प्ले, तुटकी स्प्रिंग, यातलं काहीही निघालं तर गाडी जागेवरच ठेवा, गॅरेजवाल्याला बोलवा, कारण बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. वरचं बेअरिंग असेल तर घाई नाही, पण महिनोन्महिने ढकलू नका. सीव्ही जॉइंट वाजायला लागल्यावर लगेच तुटत नाही, जपून चालवली, फुल टर्नमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबला नाही तर काही आठवडे निघतात, मात्र सरळ रस्त्यावरही आवाज यायला लागला की थांबायचं. आणि तो तुटला तर काय होतं ते माहीत असू द्या. एका बाजूचा एक्सल सुटला की इंजिनचा जोर त्याच सुट्या बाजूला वाया जातो, गाडी हलत नाही, आणि चढावर असाल तर गिअरमध्ये टाकून किंवा ऑटोमॅटिकच्या पार्कवर ठेवूनही ती धरली जात नाही, फक्त हँडब्रेक धरतो. त्यामुळे तोपर्यंत हँडब्रेक चांगला हवा.

कामाबद्दल थोडं. दोन्ही एक्सल बदला या सल्ल्याला माझा विरोध आहे. ज्या बाजूचा वाजतोय तोच बदला, दुसऱ्याचा बूट शाबूत असेल आणि आवाज नसेल तर त्याला हात लावायचं कारण नाही. एक्सलचा गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट आणि शाफ्ट चांगला असेल आणि चांगल्या कंपनीचा सुटा बाहेरचा जॉइंट मिळत असेल तर तेवढाच बदलला तरी चालतं, पण अनोळखी स्वस्त पूर्ण एक्सलपेक्षा तुमचा ओरिजिनल शाफ्ट ठेवून फक्त जॉइंट चांगला टाकणं मला जास्त पटतं. काही गाड्यांत या जॉइंटवरच एबीएसची दातेरी रिंग असते, नव्याची दात्यांची संख्या जुळली पाहिजे, नाहीतर आवाज जाईल आणि एबीएसचा दिवा लागेल. एक्सल नट नवीन वापरायचा आणि टॉर्क पान्याने आवळायचा, मोठा पाइप लावून अंदाजाने नाही, आणि नट आवळल्याशिवाय त्या चाकावर गाडीचं वजन टाकायचं नाही, बेअरिंग खराब होतं. गिअरबॉक्समधून एक्सल काढला तर थोडं ऑइल सांडतं, ते परत भरलंय का विचारा.

वरचं बेअरिंग निघालं तर मात्र मी दोन्ही बाजूंची बदलतो, दोन्हीने सारखीच धूळ खाल्लेली असते आणि पार्ट मोठा नाही. हे काम घरी करू नका असं मी सहसा म्हणत नाही, पण इथे म्हणतो, कारण स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरने नीट आवळल्याशिवाय मधला नट सोडला तर ती जे काही समोर असेल त्याला तोडून बाहेर येते. बुश आणि लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असावं, हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टाय रॉड, रॅक किंवा स्ट्रट यातलं काही उघडलं असेल तर अलाइनमेंट करावीच लागते, नुसता एक्सल बदलला तर बहुतेक वेळा गरज पडत नाही. आणि रॅक किंवा शाफ्ट उघडणार असतील तर स्टिअरिंग व्हील सरळ बांधून ठेवायला सांगा, मोकळं सोडलं आणि ते गरगर फिरलं तर ती मघाशी सांगितलेली क्लॉक स्प्रिंग आतून तुटते आणि एक काम करायला जाऊन दुसरं मागे लागतं.

गॅरेजमध्ये जाताना "एक्सल बदला" किंवा "रॅक बघा" असं सांगू नका, आवाज काढून दाखवा. मेकॅनिकला शेजारी बसवा, ज्या पद्धतीने येतो तसा काढा, आणि त्याच्या कानाने ऐकल्याशिवाय त्याला गाडी खोलू देऊ नका. जुना पार्ट परत मागा. सीव्ही जॉइंट असेल तर तो हातात वाकवून सावकाश फिरवा, अडखळतोय, कट्ट करतोय, हे लगेच जाणवेल, आणि पुसून बघितला तर खोबणीतला खड्डा डोळ्यांनी दिसतो. काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी त्याच मैदानात तीच दुसरी टेस्ट परत, दोन्ही बाजूंना, पुढे आणि रिव्हर्समध्ये. चाकांचे नट ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर परत एकदा आवळून घ्या.

उद्या सकाळी गाडी थंड असताना पहिल्या दोन टेस्ट करा आणि तीन गोष्टी कळवा: स्टिअरिंग न हलवता गोल फिरताना आवाज येतो का, गाडी उभी असताना फक्त स्टिअरिंग फिरवल्यावर येतो का, आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं आहे का. शक्य असेल तर दोन्ही बाजूंच्या बूटचे फोटो टाका, घडी दाबून उघडून काढा, कारण चीर बऱ्याचदा घडीच्या आत लपलेली असते.